मोटर बंद असताना

आमच्या जावईबापूंना ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद आहे. तारे त्यांना भीक घालत नाहीत, हा भाग वेगळा.

नाद कुणाला नसतो? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ काड्यापेट्या जमवायचे. पण त्यांच्या काड्यापेट्या कधी जेवणाच्या टेबलावर पोट फाडून, ग्रीस फासून पडलेल्या मी पाहिल्या नाहीत. आमच्याकडे टेबलाच्या एका टोकाला दुर्बिणीचं माउंट असतं आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं जेवतो. एकदा मी टोस्टला लोणी समजून भलतंच काहीतरी लावलं होतं. लेकीने वेळेवर हात धरला म्हणून वाचलो.

माउंट म्हणजे दुर्बीण ज्याच्यावर बसते ते यंत्र. पृथ्वी गप्प बसत नाही, फिरत राहते, त्यामुळे तारे सरकताना दिसतात. देवयानी दीर्घिकेसारखी अंधूक वस्तू टिपायची तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ दुर्बिणीने ताऱ्याच्या मागे मागे जायला हवं. ते काम माउंटचं. आत एक मोटर असते, ती आटे पाडलेली दांडी फिरवते, दांडी एक दातेरी चाक फिरवते आणि चाक दुर्बिणीला सरकवतं. सगळं जमलं तर फोटोत तारे गोल ठिपके येतात. जावईबापूंचे तारे जिऱ्यासारखे येत.

"हे कुणी जिरं सांडलंय का?" पहिला फोटो दाखवला तेव्हा मी विचारलं होतं.

"ट्रॅकिंगमध्ये थोडा प्रॉब्लेम आहे, बाबा," ते म्हणाले. हे 'थोडा' फार महत्त्वाचं होतं. पुढे कित्येक महिने आम्ही त्या 'थोडा'वर जगलो.

मी जन्मभर वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या. शेजारच्या सीटवर बसायचं, समोर बघायचं, आणि माणसाने चूक केली की कागदावर खूण करायची, एवढंच काम. माणसं मला टरकून असत आणि मला त्याची सवय झाली होती. जावईबापूंनाही मीच नापास केलं होतं, तेव्हा ते जावई व्हायचे होते. माझ्या लेकीचं म्हणणं, मी मुद्दाम केलं. मुद्दाम वगैरे काही नव्हतं, त्यांनी चढावर गाडी मागे सोडली. दुसऱ्या वेळी मात्र मुद्दाम.

जावईबापू लिफ्टची तपासणी करतात. इमारती-इमारतींतून हिंडायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि माणसांना आत सोडायचं की नाही ते ठरवायचं. स्वभावाने शांत. इतके शांत की चिडवायला मजा येत नाही, तरी मी प्रयत्न सोडत नाही. त्यांची एक पद्धत आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं. मीठ कमी वाटलं तर ते एक चिमूट घालतात, चव घेतात, विचार करतात. तोवर माझं जेवण आटपलेलं असतं.

घराची रचना सांगतो, कारण सगळी भानगड त्या रचनेत आहे. खाली ते दोघं राहतात. वर मोठी गच्ची, आणि गच्चीच्याच एका कडेला माझी खोली. माझ्या खिडकीसमोर, चार पावलांवर, जावईबापूंनी लोखंडी खांब रोवला आहे. त्यावर माउंट, त्यावर दुर्बीण. संध्याकाळी ते सगळं जोडून देतात आणि खाली स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसतात. वर माणूस वावरला तरी खांबाला धक्का बसतो म्हणे. वर येताना तर मोजे घालून, चवड्यांवर येत. का, तर बाबा झोपलेत.

बाबा झोपलेले नसत. हे मी इथेच सांगून टाकतो.

ठमीची आई गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. ठमी म्हणजे माझी लेक. तिला हे नाव चारचौघांत आवडत नाही आणि म्हणूनच मी वापरतो. तिची आई घोरायची. बारीक, एका लयीत, भिंतीकडे तोंड करून. मी जन्मभर तक्रार केली. पाहुण्यांसमोर केली, तिच्या भावासमोर केली, एकदा तर डॉक्टरांना घरी बोलावून केली. आता खोलीत इतकी शांतता असते की मला डोळा लागत नाही. पडल्या पडल्या कान त्या नसलेल्या आवाजाची वाट बघत राहतात. मग मी उठतो आणि चालतो. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीशी जरा थांबायचं, परत दारापर्यंत. दुपारी पेपर तोंडासमोर धरून थोडं झोपून घेतो, त्याला घरात 'बाबा अग्रलेख वाचतायत' असं म्हणतात.

हे ठमीला कळता कामा नव्हतं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यांची नवी शाखा दुसऱ्या शहरात निघणार होती आणि ती उभी करायला वर्षभरासाठी हिलाच जा म्हणत होते. ही संधी तिला किती वर्षांनी आली होती ते मला ठाऊक होतं, कारण आधीच्या दोन संधी तिने आईच्या आजारपणात सोडल्या. आताही तिचं एकच टुमणं होतं: "बाबा नीट असतील तर जाईन." महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. त्यामुळे रोज सकाळी चहाबरोबर परीक्षा.

"झोप लागली का, बाबा?"

"मेल्यासारखा झोपलो."

"असं नाही बोलायचं!"

"बरं. जिवंत माणसासारखा झोपलो, घोरत."

तिला समाधान वाटे. परीक्षकाला फसवणं इतकं सोपं असतं हे मला नोकरीत असताना कळलं असतं तर माझी झोप तेव्हाच उडाली असती.

माउंटच्या दुरुस्तीची सुरुवात ध्रुवताऱ्यापासून झाली. यंत्राचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला नसेल तर तारे घसरतात. जावईबापूंनी तो रोखला. जिरं तसंच. मग त्यांनी दुर्बिणीचा तोल साधला, पुढे वजन, मागे वजन, किराणा दुकानदारासारखं. तरी जिरं. मग वायरी बांधल्या, म्हणजे फिरताना ओढल्या जाऊ नयेत. मग आणखी एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा वर चढवला. हा कॅमेरा एकाच ताऱ्यावर डोळा ठेवतो आणि तारा जागचा हलला की माउंटला सांगतो, अरे बाबा, तू चुकलास. म्हणजे माझंच काम करतो. फरक एवढाच की तो ओरडत नाही, ग्राफ काढतो.

आणि त्या ग्राफने माझा घात केला.

एका सकाळी जावईबापूंनी लॅपटॉप माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "बाबा, हे बघा. विचित्र आहे. ही रेघ सरळ हवी. मध्यरात्रीपर्यंत जवळजवळ सरळ आहे. मग हे धक्के सुरू होतात. ओळीने धक्के, मग थोडा वेळ काही नाही, मग परत ओळीने धक्के. पुन्हा थांबतं. जवळजवळ पहाटेपर्यंत."

मी बघितलं. आधी काही कळलं नाही. मग एकदम ओळखीचं वाटलं. प्रत्येक ओळीत धक्के लहान सुरू होत आणि मोठे होत जात, म्हणजे दाराकडून खिडकीकडे, खांबाच्या जवळ. मग थांबणं, म्हणजे खिडकीशी. मग मोठ्यांकडून लहान. आणि दर दुसरा धक्का जरा जड, कारण माझा उजवा गुडघा दुखतो आणि मी भार डाव्यावर टाकतो. माणूस आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकून चपापतो, तसा मी माझी चाल बघून चपापलो.

पण मी तर खोलीत चालत होतो, गच्चीवर नाही! मग लक्षात आलं की भिंत मध्ये असली म्हणून काय झालं, खालची फरशी एकच.

"एवढा नियमितपणा आहे म्हणजे काहीतरी फिरणारं आहे," जावईबापू पुटपुटत होते. "गिअर असेल. पण गिअरची फेरी याच्याशी जुळत नाही."

समोर ठमी टोस्ट खात होती. तिने ग्राफकडे मान वळवली.

"ग्रीस!" मी म्हणालो.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. आजवर मी त्या यंत्राबद्दल टिंगलीखेरीज एक शब्द काढला नव्हता.

"रात्री थंडी वाढते," मी रेटून दिलं. "ग्रीस घट्ट होतं. म्हणून मध्यरात्रीनंतर धक्के. गाड्यांचंही तसंच असतं." गाड्यांचं असं काही नसतं. पण परीक्षकाचा आवाज लावला की कुणी उलट विचारत नाही.

जावईबापूंचा चेहरा इतका उजळला की मला माझीच लाज वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सासऱ्याने त्यांच्या छंदात रस घेतला होता. त्यांनी अख्ख्या रविवारी माउंट उघडलं, जुनं ग्रीस खरवडून काढलं, नवं लावलं. मी शेजारी बसून चिंध्या पुरवल्या. ठमीने आमचा दोघांचा फोटो काढला आणि म्हणाली, "आई असती तर किती हसली असती." मी चिंधी शोधायला खाली वाकलो आणि जरा वेळ तिथेच राहिलो.

त्या रात्री मी न चालायचं ठरवलं. पडून राहिलो. छताकडे बघितलं. कूस बदलली. भिंतीकडची बाजू रिकामी, तिकडे बघवेना. शेवटी उठलो, पलंगावरची रजई काढून जमिनीवर अंथरली, तिच्यावर उशा टाकल्या आणि अनवाणी, दबकत, चोरासारखा त्या गादीवर येरझाऱ्या घातल्या. माझ्या वयाला आणि हुद्द्याला हे शोभत नव्हतं, पण बघायला कोण होतं?

सकाळी जावईबापू नाचायचेच बाकी होते. "बाबा! धक्के निम्म्यावर आलेत! ग्रीसच होतं!"

त्यांनी लगेच आपल्या दुर्बीणवाल्या मंडळींच्या ग्रुपवर कळवलं. तिथे एक महाशय आहेत, मी त्यांना धूमकेतू म्हणतो. वर्षानुवर्षं गायब असतात आणि उगवले की सगळ्यांची झोप उडवून जातात. धूमकेतूने कळवलं की ग्रीसने असं काही होत नसतं, तुमचं माउंटच टाकाऊ आहे, फेका आणि माझ्यासारखं घ्या. धूमकेतूला कुठलीही अडचण सांगा, उत्तर हेच. उद्या कुणी विचारलं की सर्दी झालीय, तरी हा नवं माउंट घ्यायला सांगेल. पण या वेळी ग्रीसबद्दल तो बरोबर होता, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

रजईवर चालणं जमेना. दोन दिवसांत पाय अडकून पडता पडता वाचलो. मी पुन्हा जमिनीवर आलो, ग्राफही पूर्ववत झाला. जावईबापू बुचकळ्यात पडले. मग मी मोटरच्या पट्ट्यावर संशय घेतला. त्यांनी पट्टा बदलला, मी त्या रात्री भिंतीला धरून सावकाश चाललो, धक्के कमी झाले. मग मला कंटाळा आला, धक्के वाढले. मग मी वाऱ्यावर खापर फोडलं. त्यांनी खांबाभोवती ताडपत्री उभारली. गच्चीवर कुणी आंघोळीला बसलंय असं शेजाऱ्यांना वाटायला लागलं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची पद्धत. बिचाऱ्यांना काय माहीत की दुसरी गोष्ट मी बदलतोय. लिफ्टचा माणूस असा रडकुंडीला आलेला मी कधी पाहिला नव्हता. जेवताना घास हातात धरून शून्यात बघत. ठमी मला हळूच म्हणाली, "याला झोप नाही आजकाल, बाबा. निदान तुम्हाला तरी आहे."

मी घास परत ताटात ठेवला. पण महिनाअखेरीला थोडेच दिवस उरले होते. तेवढे निभावले की लेक मार्गी लागणार होती. नंतर जावईबापूंना काय ते सांगू, असं मी मनाला समजावलं.

उत्तर द्यायच्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर टेबल स्वच्छ. माउंट नाही, ग्रीस नाही, स्क्रू नाहीत. नुसते तीन कप. मला ते टेबल ओळखूच येईना. ठमी ऑफिसचे कपडे करून बसली होती. जावईबापू लॅपटॉप बंद करून त्यावर हात ठेवून बसले होते.

"झोप लागली का, बाबा?" ठमीने विचारलं.

"दगडासारखा."

"नक्की ना? मी आज त्यांना हो म्हणणार आहे. मनात काही असेल तर आत्ता सांगा."

"अगं, किती वेळा सांगू? यांनाच विचार. माझ्या घोरण्याने यांचे तारे हलत नाहीत ना, एवढं बघ म्हणावं."

ती हसली आणि नवऱ्याकडे वळली. "तुझं काय? सापडलं का कारण?"

"सापडलं," जावईबापू म्हणाले. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी आयुष्यात हजारो माणसांकडे तसं बघितलं आहे, निकाल सांगायच्या आधी. माझ्याकडे कुणी कधी तसं बघितलं नव्हतं.

"वायर होती," ते म्हणाले. "एक वायर ओढली जात होती. साधीच गोष्ट. माझ्या लक्षात यायला उशीर झाला."

"चला, सुटलास एकदाचा!" ठमी म्हणाली, चहा संपवला आणि पर्स आणायला आत गेली.

मी कपात बघत बसलो. जावईबापूंनी आवाज खाली आणला. "बाबा, काल मी दुर्बीण ताऱ्यावर लावलीच नव्हती. लांबच्या टॉवरवर लाल दिवा आहे ना, त्याच्यावर लावली. दिवा सरकत नाही, त्यामुळे मोटरची गरजच नाही. मी मोटर बंद करून ठेवली होती."

मी कपाचा कान धरून तो फिरवत राहिलो.

"मोटर बंद. गिअर बंद. पट्टा बंद. तरी धक्के आले, तेच, ओळीने. खिडकीशी थांबून." त्यांनी बंद लॅपटॉपवर बोट टेकवलं. "आमच्याकडे लिफ्टची वीज बंद असताना लिफ्ट हलली, तर आम्ही एकच समजतो. आत माणूस अडकलंय."

मी चहाचा घोट घेतला, तो कधीच गार झाला होता.

"चूक माझी आहे," ते पुढे म्हणाले. सांगतो तुम्हाला, माणूस असा असतो! "मी सगळं तपासलं. फक्त 'बाबा झोपलेत' हे तपासलं नाही. तुम्ही सांगितलंत आणि मी मान्य केलं. तिला मी आज वायर सांगितली, ते तुमच्यासाठी. पण रोज फोनवर वर्षभर मला वायर सांगता येणार नाही, बाबा. मला तेवढं खोटं जमत नाही."

आत कपाटाचं दार वाजलं. ठमी बाहेर आली, दाराशी जाऊन बूट चढवायला लागली. आता नुसतं गप्प बसायचं होतं. मूग गिळून कपात बघत राहायचं, ती जाईल, हो म्हणेल, संपलं. इतके दिवस जे करत होतो ते आणखी दोन मिनिटं करायचं.

पण मी जन्मात एकाही माणसाला फुकट पास केलेलं नाही. मंत्र्याच्या भाच्यालाही नाही. आणि स्वतःला मात्र रोज सकाळी चहाबरोबर पास करत होतो.

"ठमे," मी म्हणालो. "थांब जरा. मला झोप येत नाही."

तिचा एक पाय बुटात, एक बाहेर. "म्हणजे? काल?"

"तुझी आई गेल्यापासून. रात्रभर चालतो. यांचे तारे मीच हलवतोय. वायर-बियर काही नाही, ग्रीस पण नाही, ते मी ठोकून दिलं होतं."

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मग तिचा चेहरा असा काही झाला, जसा मी तिच्या लहानपणी, पतंग फाटला होता तेव्हा पाहिला होता.

"रोज विचारत होते मी! रोज! आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गेली नसतीस."

"आणि आता जाईन असं वाटतं तुम्हाला?" तिने बूट काढून फेकला. तो टेबलाखाली गेला.

"जाशील. कारण तू राहिलीस तरी मला झोप येणार नाहीये. तू इथे आहेसच की गेलं वर्षभर, आली का? तुझ्या राहण्याने येणार असती तर मी तुझे पाय धरून तुला थांबवलं असतं, एवढा स्वार्थी मी नक्की आहे. मला तिची सवय आहे गं. ती तू कुठून आणणार? तुला घोरता पण येत नाही."

ती रडत होती आणि हसत होती आणि नाक पुसत होती, तिन्ही एकदम. मीही काही फार शहाण्यासारखा बसलो नव्हतो. जावईबापू उठले आणि उगाचच सगळ्यांचे कप धुवायला लागले.

"रात्री चालता चालता पडलात तर?" तिने विचारलं. "वर एकटे असता. कुणाला कळणार?"

"मला कळेल," जावईबापू सिंकपाशी पाठमोरे म्हणाले. "ग्राफवर. ते उजव्या पायावर थोडा जास्त भार टाकतात तरी मला खाली दिसतं."

"डाव्या," मी म्हणालो. "तपासनीस म्हणवता आणि पाय कळत नाही?"

"डाव्या," त्यांनी दुरुस्ती केली.

ठमीने टेबलाखालून बूट काढला. बराच वेळ तो हातात धरून बसली. मग घातला. दारातून बाहेर पडताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेली. हे तिच्या आईचं. ही पोरगी कधी शिकली कोण जाणे. संध्याकाळी आली ती हो सांगून आली.

ती नव्या शाखेवर गेल्यावर घर अगदीच गप्प झालं. पहिल्या मोकळ्या आकाशाच्या रात्री जावईबापू वर आले. मोजे नाहीत, चवडे नाहीत, दणदण पाय वाजवत आले आणि दार ठोठावलं.

"जागे आहात, तर कामाला लागा," ते म्हणाले. त्यांनी खांबाशेजारी खुर्ची मांडली होती, वर ठमीच्या आईची शाल. "इथे बसायचं, लॅपटॉपवर रेघ बघायची. वाकडी झाली की मला सांगायचं. एकच अट, फोटो चालू असताना उठायचं नाही. मधल्या वेळात काय चालायचं ते चाला."

म्हणजे पुन्हा शेजारची सीट! मी शाल गुंडाळून बसलो. खरं सांगतो, आधी अंग आखडलं, दोनदा उठावंसं वाटलं. पण समोर रेघ सरळ जात होती आणि ती माझ्या न हलण्याने सरळ जात होती. माउंट मंद गुरगुरत होतं. बारीक आवाज, एका लयीत. मी कधी पेंगलो ते कळलं नाही. जावईबापूंनी उठवलं नाही. रेघ सरळच होती म्हणे, कधी नव्हे इतकी.

असे आम्ही पुष्कळ बसलो. तारे गोल आले. जिरं संपलं. देवयानी अशी उतरली की धूमकेतूने ग्रुपवर विचारलं, नवं माउंट घेतलंत ना शेवटी? जावईबापूंनी उत्तर दिलं, नाही, खुर्ची घेतली. धूमकेतू पुन्हा गायब झाला.

असे बरेच फोटो एकावर एक रचून मग एक चांगला फोटो तयार करतात. रचायच्या आधी जावईबापू एकेक तपासून, बिघडलेले काढून टाकतात. एकदा ते तपासताना मी शेजारी होतो. गोल, गोल, गोल, आणि मग एक फोटो आला ज्यात सगळे तारे एकदम एका बाजूला उडी मारून गेलेले. अगदी जुन्यासारखा.

"बाबा, हा नापास," ते म्हणाले आणि काढून टाकायला बोट पुढे केलं.

"थांबा. वेळ बघा त्याची."

त्यांनी बघितली. त्यांना आठवलं. त्या वेळी माझा फोन वाजला होता आणि मी सगळी शिस्त विसरून खुर्चीतून ताडकन उठलो होतो. ठमी होती. नव्या शाखेतलं पहिलं यंत्र सुरू झालं होतं आणि तिला ते आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचं होतं. ती आता 'झोप लागली का' असं विचारत नाही. फोन उचलला की म्हणते, "जागे आहात ना, बाबा?"

"हा राहू द्या," मी म्हणालो. "असू दे नापास." परीक्षक असताना माझ्यापुढे कितीजणांनी अशी गयावया केली असेल, मी एकाचंही ऐकलं नव्हतं. जावईबापूंनी माझं ऐकलं.

गोल ताऱ्यांची देवयानी खाली हॉलमध्ये लावली आहे, येणारे-जाणारे वाहवा करतात. बिघडलेली माझ्या खोलीत आहे, पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला.